कशाला मारलं त्याला?

महाराष्ट्रातली चित्रपटगृहं २२ ऑक्टोबर २०२१ला उघडली, तीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. 'नो टाइम टु डाय' देशाच्या बाकी भागांत त्याआधी तीन आठवडे लागला होता, त्यामुळे शेवटी काय होतं हे पुण्यात बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं होतं. माझ्या ७२ वर्षांच्या मामाच्या मात्र आलं नव्हतं आणि मीही त्याला सांगितलं नाही. मामाचा बाँड म्हणजे रॉजर मूर. 'ऑक्टोपसी'चं चित्रीकरण उदयपूरला झालं, त्यात आपला कबीर बेदी होता, विजय अमृतराज होता, हे तो अजूनही घरच्या कार्याची आठवण सांगावी तसं सांगतो. चित्रपट संपल्यावर तो पायऱ्यांवर थांबला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, "कशाला मारलं गं त्याला?"

मामेभावाला तोच शेवट मालिकेतला सर्वांत मोठा क्षण वाटला होता. घरी पोचेपर्यंत दोघांची जुंपली आणि पुढे दिवाळीतही ती मिटली नाही. जगभरच्या बाँडप्रेमींत हीच फूट पडली आणि आजही ती बुजलेली नाही. मी मामेभावाच्या बाजूची आहे. पण मामाच्या बाजूला 'पोरकट हट्ट' म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. तो हट्ट कुठून येतो, हे आधी नीट पाहायला हवं.

१९६२च्या 'डॉक्टर नो'पासून या मालिकेने प्रेक्षकाला एक वचन दिलेलं आहे. कितीही मोठा स्फोट होवो, हा माणूस कोटावरची धूळ झटकून उभा राहील. पुढे पुढे तर ते श्रेयनामावलीच्या अखेरीस लिहूनच येऊ लागलं, की जेम्स बाँड परत येईल. शॉन कॉनरी गेला, जॉर्ज लॅझेनबी एकच चित्रपट करून गेला, मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आले नि गेले. नट म्हातारे होत होते, बाँड होत नव्हता. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार ज्यांनी वाचला, त्यांना यातलं सुख समजावून सांगावं लागणार नाही. वाचनालयातून पुस्तक आणताना नायक वाचणार हे ठाऊकच असायचं. कसा वाचतो, एवढ्यासाठी रात्र जागवायची. असा नायक वाचकाच्या आयुष्यात एखाद्या ऋतूसारखा येत राहतो, आणि त्याला मारणं म्हणजे त्या येण्याजाण्याचा क्रमच तोडणं. मामाची तक्रार ही आहे आणि ती खरी आहे.

असा क्रम तोडायचा प्रयत्न मात्र पूर्वीही झालेला आहे. कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३मध्ये शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकललं आणि वाचकांच्या रेट्यापुढे १९०३मध्ये तो जिवंत असल्याचं लिहिलं. खुद्द इयान फ्लेमिंगही आपल्या नायकाला कंटाळला होता. १९५७च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या कादंबरीच्या अखेरच्या ओळींत बाँड विषबाधेने जमिनीवर कोसळतो आणि पुस्तक तिथेच संपतं. पुढच्या वर्षीच्या 'डॉक्टर नो'मध्ये तो बरा झालेला आहे. १९६४च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये तर लंडनच्या वर्तमानपत्रात त्याचा मृत्युलेखसुद्धा छापून येतो. प्रत्यक्षात तो स्मृती गमावून जपानमधल्या एका कोळीवाड्यात राहत असतो, आणि तिथल्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढतंय याचा त्याला पत्ता नसतो. विषारी झाडांची बाग, मृत्यूनंतर वाचला जाणारा जॅक लंडनचा उतारा आणि बापाला माहीत नसलेलं मूल, या तिन्ही गोष्टी २०२१च्या चित्रपटात आल्या आहेत त्या याच पुस्तकातून. तेव्हा 'फ्लेमिंगने असं कधीच केलं नसतं' हा आक्षेप टिकत नाही. फ्लेमिंग त्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो असा, की मेला तो बाँड की डॅनियल क्रेगचा बाँड? २००६च्या 'कसिनो रोयाल'मध्ये गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. बाँडला हत्येचा परवाना तिथे नुकताच मिळतो. म्हणजे क्रेगचे पाच चित्रपट हे एका माणसाचं स्वतंत्र चरित्र आहे, आणि चरित्राला शेवट असतोच. क्रेगने नंतर मुलाखतीत सांगितलंय, की 'कसिनो रोयाल'च्या बर्लिनमधल्या खेळानंतर गाडीत बसल्या बसल्या त्याने निर्मात्या बार्बरा ब्रॉकोली यांना विचारलं होतं, शेवटच्या चित्रपटात मी त्याला मारू शकतो का? त्या हो म्हणाल्या. म्हणजे आयत्या वेळी धक्का द्यायचा म्हणून हे केलेलं नाही. पंधरा वर्षं ते मनात होतं.

पण मालिका स्वतः इतकी सरळ वागलेली नाही. 'स्कायफॉल'मध्ये क्रेग ज्या जुन्या ॲस्टन मार्टिनचं दार उघडतो, तिच्यात 'गोल्डफिंगर'मधल्या बंदुका आणि माणूस उडवून देणारी खुर्ची आहे. ती कॉनरीची गाडी आहे. प्रेक्षागृहात तेव्हा शिट्ट्या पडल्या त्या 'हा तोच आहे' म्हणून. नवा माणूस म्हणायचं आणि जुन्याचे दागिने अंगावर घालायचे, हे निर्मात्यांनी हवं तेव्हा केलं. मग ज्यांनी 'हा तोच' असं मानलं, त्यांना 'मेला तो वेगळा' असं समजावण्याचा अधिकार कुणाला उरतो? या मुद्द्यावर मी मामेभावाला साथ देऊ शकत नाही. बाँड ज्या बेटावर मरतो, तिथे मामासाठी रॉजर मूरही मेला.

आणि तरीही मला तो शेवट योग्य वाटतो, त्याचं कारण स्पर्श.

चित्रपटातलं हेराक्लिस नावाचं अस्त्र म्हणजे रक्तात शिरणारी अतिसूक्ष्म यंत्रं. ज्याच्या जनुकांशी ती जुळवलेली असतात, त्याला स्पर्श होताच तो मरतो. वाहून नेणाऱ्याला काही होत नाही. खलनायक साफिन बाँडच्या अंगात जी यंत्रं सोडतो, ती बाँडची प्रेयसी मॅडलीन आणि त्यांची मुलगी मातिल्ड यांच्यावर जुळवलेली आहेत. म्हणजे बाँड जगू शकतो, पण ज्या दोघींकडे परतायचं त्यांना हात लावू शकत नाही. ती यंत्रं शरीरातून कधीच निघत नाहीत.

आता मागचे चित्रपट आठवून पाहा. 'गोल्डफिंगर'मध्ये जिल मास्टर्सन एक रात्र बाँडबरोबर घालवते आणि सोन्याच्या रंगात मढवलेली मरून पडते. १९६७च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये त्याच्यासाठी लटकवलेल्या दोऱ्यावरून उतरणारं विष शेजारी झोपलेल्या आकीच्या ओठांवर पडतं. 'कसिनो रोयाल'मध्ये त्याची प्रेयसी व्हेस्पर व्हेनिसच्या पाण्यात बुडते. 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये फील्ड्स नावाची तरुण कर्मचारी काळ्या तेलात माखलेली, त्याच सोनेरी प्रेतासारखी पलंगावर आडवी. या माणसाचा स्पर्श बायकांना पहिल्यापासूनच मारत आलेला आहे. फरक इतकाच, की तो पुढच्या चित्रपटात निघून जायचा आणि आपणही त्याच्याबरोबर निघून जायचो. लग्नाची बायको ट्रेसी १९६९च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या शेवटी गाडीत गोळी लागून मरते. १९७१च्या पुढच्याच चित्रपटात तिचा उल्लेखही नाही. तिच्या कबरीवर फुलं ठेवायला बाँड पडद्यावर गेला तो थेट १९८१मध्ये.

'नो टाइम टु डाय'ने ही गोष्ट पाहिली आणि तिला शरीर दिलं, असं मी मानते. सुरुवातीला बाँड इटलीत मातेराला व्हेस्परच्या कबरीवर जातो, ट्रेसीच्या चित्रपटातलं संगीत पुन्हा वाजतं, आणि अखेरीस इतकी वर्षं रूपकात असलेला विषारी स्पर्श त्याच्या रक्तात खरोखर उतरतो. त्याला आता निघून जायला पुढचा चित्रपट नाही. इतक्या बायका मेल्या तेव्हा मालिकेवर अन्याय झाला असं कुणाला वाटलं नाही आणि एक पुरुष मेला तेव्हा वाटलं, याचा विचार मी स्वतःपुरता बराच केला. 'गोल्डफिंगर' मी चार-पाच वेळा पाहिलाय. जिलसाठी मला एकदाही रडू आलं नव्हतं. बेटावर पट्ट्यात पोरीचं सशाचं खेळणं खोवून उभ्या असलेल्या बाँडसाठी आलं, आणि मग पहिल्यांदा जिलचीही आठवण झाली. एका शेवटामुळे मागचे चित्रपट वेगळे दिसू लागले, तर त्या शेवटाने आपलं काम केलं.

त्यात एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पटकथा शेवटी कचरली. बाँडला मरायला तिने एकाऐवजी दोन कारणं दिली. एक स्पर्शाचं, आणि दुसरं असं की साफिनच्या गोळ्या लागलेल्या, बंद झालेली दारं पुन्हा उघडण्यात वेळ गेलेला आणि ब्रिटिश युद्धनौकेची क्षेपणास्त्रं निघालेली. दुसरं कारण असल्यावर त्याला निवड उरतच नाही. त्याला सुटका शक्य असती, होडी धक्क्याला लागलेली असती आणि तरी तो थांबला असता, किंवा जन्मभर दुरून लेकीला बघण्याचं जगणं त्याने पत्करलं असतं, तर तो निर्णय त्याचा असता. प्रेक्षक 'दुसरा काही मार्ग होता की' म्हणतात, तेव्हा त्यांचं बोट नेमकं या कच्च्या जागेवर पडतं. आणखी एक गोष्ट चित्रपट फार भरभर ओलांडतो. हेराक्लिस साफिनने बनवलेलं नाही. ते बाँडच्या वरिष्ठाने, एमने, गुपचूप बनवून घेतलेलं आहे. बाँड मेला तो आपल्याच सरकारच्या अस्त्रामुळे आणि आपल्याच नौदलाच्या माऱ्यात. त्यानंतर एम पेला हातात घेऊन श्रद्धांजलीचा उतारा वाचतो. त्या माणसाला जाब विचारणारं एक तरी वाक्य हवं होतं.

अनेक घरांत रामायणाचं पारायण राज्याभिषेकाशी थांबवतात. उत्तरकांड कुणाला माहीत नसतं असं नाही. सीतेचा त्याग माहीत असतो, म्हणूनच पोथी तिथे मिटायची असते. दुसरीकडे माडगूळकरांनी 'गीतरामायणा'त राज्याभिषेकाशी हात आखडला नाही. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या त्या ५६ गीतांमधलं शेवटचं गीत वाल्मीकींच्या तोंडी आहे. ते कुश-लवांना रामाची कथा गायला धाडतात, आणि बापाची गोष्ट मुलांच्या गळ्यात जाते. 'नो टाइम टु डाय'च्या अखेरच्या दृश्यात मॅडलीन गाडी चालवता चालवता मातिल्डला एका माणसाची गोष्ट सांगू लागते आणि त्याचं नाव उच्चारते, तेव्हा मला तेच आठवलं. पोथी कुठे मिटायची हा भाविकाच्या मनाचा प्रश्न आहे. दोन्ही प्रकारची माणसं भाविकच असतात.

मामाने पोथी का मिटली असती, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं नव्हतं. मी त्याच्याशी पटकथेबद्दल वाद घालत होते.

मामी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली, दुसऱ्या लाटेत. दवाखान्यात दाखल केल्यावर मामाला तिला भेटता आलं नाही. तिथल्या एका परिचारिकेने फोन धरला होता, त्यात ती दोन-तीन मिनिटं दिसली. मामा बोलत होता, ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. नंतर अंगाला हात लावायचीही परवानगी नव्हती. 'नो टाइम टु डाय'चं चित्रीकरण २०१९मध्येच पुरं झालं होतं. साथीमुळे तो २०२०च्या एप्रिलपासून पुढे पुढे ढकलला गेला. ज्यांनी तो बनवला त्यांच्या मनात कोविड असणं शक्यच नव्हतं. पण आम्ही तो पाहिला मास्क लावून, मध्ये एकेक खुर्ची सोडून, आणि पडद्यावर एक माणूस आपल्या माणसांना हात लावायची सोय न उरल्यामुळे यंत्रातून निरोप घेत होता. मामाने पहिल्यांदा घरातून बाहेर पडून ज्याच्यासाठी तिकीट काढलं होतं, तो कधीच न मरणारा माणूसही तसाच गेला.

हे कळल्यावर माझं मत बदललं नाही. शेवट मला आजही योग्य वाटतो. पण 'योग्य' हा शब्द मी मामासमोर पुन्हा वापरलेला नाही.

यथावकाश बाँडच्या मालिकेची सूत्रं ब्रॉकोली कुटुंबाच्या हातून गेली. २०२५च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनकडे सर्जनशील ताबा गेल्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव आलं. मामा २०२१मध्ये श्रेयनामावली सुरू होताच उठला होता, त्यामुळे तिच्या शेवटी लिहून आलेलं 'जेम्स बाँड परत येईल' हे त्याने वाचलंच नव्हतं. मी त्याला ते सांगितलं, नवीन चित्रपट येतोय हेही सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला.

"तो येईल गं," तो म्हणाला. "त्या पोरीचं पुढे काय झालं, ते दाखवणारेत का?"