गाठींचा हिशेब

वसईतल्या आमच्या वाडीत भाताची कापणी उरकली, की त्याच शेतात वाल पेरला जाई. जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो वाढे. त्याला निराळे पाणी नसे आणि खतही नसे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एके दिवशी वालाचे एक रोप मी मुळासकट उपटले आणि मुळांवरच्या बारीक गाठी पाहून घाबरून वडिलांकडे धावलो. झाडाला रोग झाला अशी माझी समजूत. वडिलांनी एक गाठ नखाने फोडून दाखवली. आत मांसासारखा तांबूस रंग होता. "हा रोग नाही रे, ही त्याची कमाई आहे," एवढेच ते म्हणाले. या कमाईचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून कळला. तिच्यात दडलेला नैतिक प्रश्न मात्र पन्नाशी उलटल्यावर, एका भगिनीच्या तोंडून माझ्यासमोर आला.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर ती बाहेर थांबून राहिली होती. हे पापनिवेदन नव्हते, आणि तिच्या अनुमतीनेच, तिची ओळख झाकून, मी हे लिहीत आहे. चौदा वर्षे ती अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करीत होती. ती म्हणाली, "फादर, एकदा तरी दीर-जावांनी म्हणावं, आज तू झोप, आम्ही बसतो, असं मला वाटायचं. कुणी म्हटलं नाही. मग मी मनातल्या मनात हिशेब ठेवायला लागले. आता वाटतं, हिशेब ठेवला म्हणजे माझी सगळी सेवा खोटीच ठरली का?" मी तत्काळ उत्तर दिले, की सेवा निरपेक्ष असावी आणि हिशेब देवावर सोडावा. "बरं, फादर," एवढे म्हणून ती गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला जाणवले, की तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही. तिच्या डोक्यावरच्या भाऱ्यात मी आणखी एक मोळी ठेवली.

ज्या देण्यात घेण्याचीही अपेक्षा आहे, ते देणे खरे देणे असते काय? सेमिनरीत आम्हांला अ‍ॅरिस्टॉटलने केलेले मैत्रीचे तीन प्रकार शिकवीत: उपयोगासाठी केलेली मैत्री, सुखासाठी केलेली मैत्री आणि सद्गुणावर उभी असलेली मैत्री. त्यांतली पहिली सर्वांत कनिष्ठ, हे आम्ही पाठ केले आणि पुढे प्रवचनांतून सांगतही आलो. त्या रविवारनंतर मात्र मला वडिलांनी फोडलेली ती गाठ पुन्हा पुन्हा आठवू लागली.

हवेचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजनचा आहे. प्रथिने घडवण्यासाठी प्रत्येक वनस्पतीला तो हवा असतो. परंतु हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात, की वनस्पतीला ते वेगळे करता येत नाहीत. सागरात राहून तहानलेले असावे तशी पिकाची ही स्थिती. कडधान्याच्या शेतात जमीन सुधारते, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण 1886 साली जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी उघड केले. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. 1888 साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून वाढवले.

ही सोयरीक जुळते ती मोठ्या विचारपुशीने. मूळ मातीत काही द्रव्ये सोडते. योग्य जातीचा जिवाणू ती ओळखतो आणि आपले एक द्रव्य उत्तरादाखल पाठवतो. ती खूण पटली, की मुळावरचा सूक्ष्म केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि एका बारीक नळीतून त्याला आत नेतो. तेथे गाठ तयार होते. यापुढे झाड आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेतून जिवाणूला पोसते आणि जिवाणू झाडाला अमोनियाच्या रूपाने नायट्रोजन देतो. हे काम अतिशय खर्चाचे आहे. शिवाय ज्या विकराच्या साहाय्याने ते होते, तो प्राणवायूने नष्ट होतो. आणि जिवाणूला श्वसनासाठी तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत एक तांबडे द्रव्य तयार होते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्याच कुळातले ते द्रव्य प्राणवायू धरून ठेवते आणि लागेल तेवढाच पुरवते. वडिलांच्या नखाला लागलेला रंग तो हाच.

येथवर कथा गोड आहे. पण 2003 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी सोयाबीनवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजन जवळजवळ काढूनच टाकला. साहजिकच तेथल्या जिवाणूंना झाडाला काही देता येईना. तेव्हा असे आढळले, की झाड त्या गाठींकडे जाणारा प्राणवायू कमी करते आणि तेथल्या जिवाणूंची वाढ रोडावते. म्हणजे झाडही हिशेब ठेवते! जो देत नाही, त्याला ते पूर्ववत पोसत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जिवाणूला मन नाही, झाडाला इच्छा नाही. 'सोयरीक', 'हिशेब' हे शब्द आपले आहेत, त्यांचे नव्हेत. निसर्गात अमुक घडते, म्हणून माणसानेही तसेच वागावे, असा निष्कर्ष काढता येत नाही. निसर्गात पिल्लांना खाणारेही प्राणी आहेत. पण निसर्ग नियम घालून देत नसला, तरी आपण गृहीत धरलेल्या गोष्टी तपासायला तो भाग पाडू शकतो. माझे गृहीत असे होते, की हिशेब आला म्हणजे नाते नासले. वालाच्या मुळाशी तसे दिसत नाही. तेथे देवाणघेवाण आहे, मर्यादा आहे, आणि तरीही त्या दोघांतून जे निर्माण होते ते एकट्या झाडाला किंवा एकट्या जिवाणूला साधले नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जिवाणू देऊ शकतो तो पोसला जातो म्हणून. त्याची शिदोरी बंद करून त्याच्याकडून नायट्रोजन मागणे व्यर्थ आहे. आणि येथेच माझ्या उत्तरातली चूक मला दिसली. निरपेक्षता हा देणाऱ्याने स्वखुशीने स्वतःला लावून घेण्याचा नियम आहे. घेणाऱ्याने तो देणाऱ्यावर लादायचा नसतो. लादला, की तो सद्गुण राहत नाही, ती लूट होते. त्या भगिनीने मोबदला मागितला नव्हता, एका रात्रीची झोप मागितली होती. तो लोभ नव्हता. सेवा चालू राहावी म्हणून लागणारी ती शिदोरी होती. तिच्या मनातला हिशेब हा प्रेमाचा अभाव नव्हता. न्यायाचा अभाव कोठे आहे, ते तो दाखवीत होता. आणि मी, धर्मगुरू म्हणून, त्यागाचे प्रवचन जिला दिले ती आधीच देत होती. ज्यांना ते द्यायला हवे होते, ते त्या रविवारी माझ्यासमोर उभे नव्हते, एवढ्यावरच ते सुटले.

आणखी एक सत्य या गाठींत आहे. जमिनीत नायट्रोजनचे खत विपुल असले, तर झाड गाठी धरणे कमी करते. आयते मिळत असता ते जिवाणूला कशाला पोसेल? मी खताची निंदा करीत नाही. 1913 साली जर्मनीत हवेतून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला आणि आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न त्या विद्येवर अवलंबून आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पण आमच्या गावांतून जमिनी विकल्या गेल्या, घरांत पैसा आला, आणि लावणीला एकमेकांच्या शेतात उतरणारी कुटुंबे एकमेकांच्या दारातही जाईनाशी झाली, हे मी पाहिले आहे. भरभराट वाईट नव्हे. परंतु गरज संपली म्हणजे नात्याच्या गाठी आपोआप धरत नाहीत, त्या जाणून धराव्या लागतात. माणूस झाडाहून वेगळा ठरतो तो येथे.

मग निरपेक्ष दानाला जागाच नाही काय? आहे. वालानंतर भाताला जमिनीत काही उरते, असे जुने लोक सांगत. ते खरे आहे, पण त्याला एक अट आहे. नायट्रोजनचा मोठा वाटा दाण्यांत जातो आणि तो आपण घरी नेतो. मागे राहतात ती मुळे, गळलेली पाने, पालापाचोळा. ती कुजतात तेव्हा पुढच्या पिकाला अन्न मिळते. काडी न काडी उचलून नेली, तर फारसे काही उरत नाही. भाताने वालाला काहीच दिलेले नसते. तरीही त्याला मिळते, कारण आधी कोणीतरी न्यायाने पोसले गेले होते आणि नंतर कोणीतरी सगळे उचलून नेले नाही. मला वाटते, निरपेक्ष दान न्यायाच्या जागी येत नाही. न्याय पुरा झाल्यावर जे उरते, त्यातून ते उगवते.

काही आठवड्यांनी मी त्या घरी गेलो. प्रथम तिची क्षमा मागितली. नंतर दोघा दिरांना बोलावून, हा वालाचा दृष्टान्त न देता, सरळच विचारले, "तुमच्या आईच्या किती रात्री तुमच्या वाट्याला येतात?" थोरला रागावून उठून गेला; तो अजूनही माझ्याशी बोलत नाही. धाकटा मान खाली घालून बसला. आता शनिवारची रात्र तो आणि त्याची पत्नी आईजवळ काढतात. सातांतली एक रात्र, फार नव्हे. पण परवा ती भगिनी मला म्हणाली, "फादर, रविवारी सकाळी सासूबाईंची वेणी घालताना आताशा माझ्या मनात हिशेब येत नाही."

वाचकहो, तुमच्या घरात न बोलता देणारे कोणी असेल. त्याला त्यागाची थोरवी सांगण्यापूर्वी, त्याची शिदोरी कोणाकडे अडकली आहे, एवढे पाहा. कदाचित ती तुमच्याकडेच असेल.