ब्रेक मिळालेल्याचा स्वधर्म

तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीजवळ भंडारा डोंगर लागतो. तुकाराम महाराज इथे एकांताला येत, म्हणून वारकऱ्याला तो देहूइतकाच जवळचा. पलीकडे चाकणच्या अंगाला भामचंद्र डोंगर आहे. तिथल्या गुहांच्या पायथ्याशी आता औद्योगिक वसाहत येऊन टेकली आहे. कर्म कसं करावं याचा मराठी माणसाने जो काही विचार केला, त्यातला फार मोठा भाग इंद्रायणीकाठच्या या आळंदी-देहू परिसराशी जोडलेला आहे. देशातल्या वाहन-उद्योगाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक याच पट्ट्यात उभं राहावं, हा केवळ योगायोग. पण त्यामुळे एक जुना प्रश्न फार अडचणीचा झाला आहे.

स्वकर्म हीच ईश्वराची पूजा, असं ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय सांगतो. मग ज्याच्या हाताला कामच नाही, त्याने पूजा कशाची करायची?

सकाळच्या पाळीच्या वेळेला चाकण किंवा म्हाळुंगेच्या रस्त्यांवर हा प्रश्न पाठीला सॅक अडकवून उभा असतो. बीड, लातूर, नांदेड, जालन्याकडची मुलं. आयटीआय झालेली, कुणी फिटर, कुणी वेल्डर. सॅकमधल्या फाईलीत मार्कशीट, आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. मुक्काम कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच-सहा जण. पाळ्या वेगवेगळ्या असल्या की एकाच गादीवर दिवसा एक झोपतो आणि रात्री दुसरा. काम मिळतं ते ठेकेदारामार्फत, बहुधा सहा-सात महिन्यांचं. त्यानंतर ब्रेक. वर्षभरात 240 दिवस भरले की कायम होण्याचा दावा सांगता येतो, हे कामगार कायद्याचं गणित मुलांना ठाऊक असतं. ठेकेदाराला ते त्याहून पक्कं ठाऊक असतं.

अशा मुलाला घरचे, कीर्तनकार आणि अलीकडे मोबाईलवरचे प्रेरणादायी वक्तेही एकच सांगतात: तू काम करत राहा, फळाची चिंता सोड. सल्ला गीतेचा आहे आणि चुकीच्या दारात दिला जातो आहे. फलत्याग ही ज्याच्या हातात फळ येऊ शकतं, त्याने आपण होऊन करायची गोष्ट. इथे तर अनासक्ती करारातच लिहून आलेली असते. ज्या लाइनवर सात महिने बोल्ट आवळले तिच्यावर जीव लावायचा नाही, सुपरवायझरचं नाव लक्षात ठेवायचं नाही, आठव्या महिन्यात दुसऱ्या गेटवर पुन्हा ट्रेनी म्हणून उभं राहायचं. लादलेल्या तुटलेपणाला वैराग्य म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

संतांची उदाहरणं नीट पाहिली तर हे आणखी स्पष्ट होतं. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, तेरच्या गोरोबांना माती तुडवताना. पण सावतोबांना मळ्यातून आणि गोरोबांना चाकावरून उठवणारं कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं तेच काम केल्याने हाताला कसब येतं, आणि त्या कसबातच पूजेचा अर्थ असतो. काम दुसऱ्याच्या मालकीचं असलं की काय होतं, हे चोखोबांच्या चरित्रात दिसतं. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि त्यांचा अंत झाला. श्रमाची महती सांगणारी प्रवचनं या प्रसंगापाशी फार थांबत नाहीत.

खुद्द तुकोबांचं काय? 1630 च्या आसपास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. वाण्याचा धंदा हेच स्वकर्म मानायचं तर ते त्यांच्या हातून सुटलंच होतं. त्यावर त्यांनी लोकांना नेटाने धंदा करण्याचा उपदेश केला नाही. परंपरा सांगते, आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. म्हणजे पेचातून वाट काढताना त्यांनी आधी आपलं येणं सोडलं. कर्जदाराला सहनशीलता शिकवली नाही. आजच्या कर्मयोगाच्या शिबिरांमध्ये ही गोष्ट व्यवस्थापनाच्या खुर्च्यांसमोर सांगायला हवी.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं आणि कर्मयोगाला संन्यासाच्या वर बसवलं. त्याआधी, 1908 मध्ये, त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं होतं. कर्मयोगाच्या भाष्यकारासाठी कामगारांनी काम थांबवावं, यात विसंगती दिसेल. ती नाही. काम थांबवणं हेही कर्मच, हे त्या लोकांना भाष्य छापून येण्याच्या सात वर्षं आधी कळलं होतं.

आणि काम थांबवणं कायम मालकाच्याच हाती असेल तर? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये थांबला. पुढच्या वर्षी चौदाशेच्या आसपास कामगारांना ले-ऑफ मिळाला. ते कायम कामगार होते, बरेचसे चाळिशीकडे झुकलेले, घराचे हप्ते चालू असलेले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. यंत्रांना आणि जमिनीला नवा मालक मिळाला. जुन्या कामगारांची लढाई मात्र कोर्टाच्या तारखांवर आणि उपोषणाच्या मांडवात चालू राहिली.

हाताला काम नसण्याच्या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा धर्मचिंतनाबाहेर उत्तर दिलेलं आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि काम मागेल त्याला काम देणं हे सरकारचं बंधन ठरलं. पण ती हमी गावातल्या अंगमेहनतीच्या कामापुरती: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. बीडच्या ज्या बापाने त्या हमीवर खडी फोडली, त्याचा फिटर झालेला मुलगा म्हाळुंगेच्या खोलीत पुढच्या एजन्सीच्या फोनची वाट पाहतो. त्याच्यासाठी तशी हमी अजून नाही.