पत्तीचा प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. त्यामुळे दिवाळीच्या आधीपासूनच आमच्या भिंगारात बँडवाल्यांच्या घरांतून क्लॅरिनेटचे सूर ऐकू येऊ लागतात. १८०३ साली इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला, पुढे इथे छावणी वसली. लष्करी बँडातले हे वाद्य आज नवरदेवाच्या घोड्यापुढे इतके रुळले आहे की, ते परके होते हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

परवा शेजारचे नाना आणि त्यांचा नातू वाद घालीतच माझ्या ओट्यावर आले. नानांची उभी हयात बँडात गेली. नातू माझा जुना विद्यार्थी. तोही आता क्लॅरिनेट वाजवतो. त्याने साठवलेल्या पैशांतून एक प्लॅस्टिकची पत्ती घेतली होती आणि त्यावरून घरात महाभारत पेटले होते.

“मास्तर,” नाना म्हणाले, “निर्जीव वस्तूतून जिवंत सूर निघतो का, तुम्हीच सांगा!”

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. क्लॅरिनेटच्या मुखाशी एक पातळ पत्ती बांधलेली असते. फुंकर घातली की ती थरथरते आणि त्या थरथरीतून सूर जन्मतो. ही पत्ती बोरूसारख्या एका नळाची करतात. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातला नळ त्यासाठी नावाजलेला आहे. ती वाजवण्याआधी ओली करावी लागते. हवा कोरडी असली की ती वाकते आणि नगरची हवा तर बहुतेक वर्षभर कोरडीच. डबीतल्या दहांपैकी मनासारख्या निघतात मोजक्याच, आणि त्याही काही आठवड्यांत थकतात. कॅनडातल्या लेजेर या कंपनीने १९९८ पासून पॉलिप्रॉपिलीनच्या पत्त्या करायला सुरुवात केली. त्या भिजवाव्या लागत नाहीत, वाकत नाहीत आणि पुष्कळ टिकतात. एकीची किंमत मात्र नळाच्या अख्ख्या डबीच्या घरात जाते.

नानांचे म्हणणे असे की, नळाची पत्ती माणसाला शिस्त लावते. ती रोज निराळी वागते, म्हणून रोज तिचे मन राखावे लागते. आयते मिळाले की कान आळशी होतो.

मला हे पटू लागले होते. पण नातू खाली मान घालून म्हणाला, “सर, गेल्या वैशाखात भर वरातीत माझी पत्ती चिरली. दुसरी नव्हती. मालकाने निम्मी मजुरी कापली.”

मी वरमलो. माझ्या एका कादंबरीत मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या कष्टांचे मोठे रसभरित वर्णन केले आहे. वाचकांनी वाखाणले, मीही सुखावलो. पण ते कष्ट माझे नव्हते. मी पंख्याखाली बसून लिहीत होतो. दुसऱ्याच्या घामाला सुगंध असतो असे म्हणणे फार सोपे असते!

आणि अस्सल म्हणजे तरी काय? क्लॅरिनेट सुमारे १७०० साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला डेन्नर नावाच्या कारागिराच्या हातून घडले. परकी म्हणून आपल्या आकाशवाणीने १९४० साली ज्या हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यावाचून आज आपले भजन अडते. आपल्या लहानपणी जे होते ते अस्सल आणि नंतर आले ते नकली, अशी सीमारेषा प्रत्येक पिढी आखते.

म्हणून मी निकाल दिला, “नाना, कष्ट स्वतःसाठी पत्करले तर ती साधना. दुसऱ्यावर लादले तर तो जुलूम. मजुरी ज्याची कापली जाते, पत्ती त्याने निवडावी.”

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग नातवाकडे वळून हळूच म्हणाले, “बाबा, माझी पत्ती थकायची तेव्हा ती बदलायला मी दोन मिनिटे थांबायचो. तेवढाच ओठांना विसावा मिळायचा. तुझी पत्ती थकणार नाही. मग मालक तुला थांबू देईल का?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोय वाईट नाही, हे माझे म्हणणे मी अजूनही सोडलेले नाही. पण वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हे मी विचारलेच नव्हते. ते विचारायला ज्याचे ओठ सोलले होते तो माणूस लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारून सूर आला. पत्ती कोणती होती ते मला ओळखता आले नाही. मध्येच सूर थांबला आणि नानांचा आवाज आला, “घे, जरा दम घे.”