‘कबूल’ या शब्दाचे वजन

एखादी प्रेमकथेची मालिका मनाला पटते आणि दुसरी पटत नाही, याचे कारण काय? अभिनय, संवाद, संगीत अशी उत्तरे दिली जातात. आम्हाला ती अपुरी वाटतात. नामांकित नट असूनही कथा पोकळ वाटते आणि कधी एका साध्या खोलीतला प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. आमच्या मते प्रेम खरे वाटते ते, जिथे नकार देता येत असतानाही माणूस होकार देतो.

निकाहात इजाब आणि कबूल असतात. एक प्रस्ताव, दुसरा स्वीकार. प्रस्ताव नाकारताच येत नसेल, तर स्वीकाराला काय अर्थ? खन्सा बिन्ते खिदाम यांचा मर्जीविरुद्ध वडिलांनी लावलेला निकाह पैगंबर साहेबांनी (स.) रद्द केला, ही हदीस ‘सहीह बुखारी’त आहे. हीच कसोटी मालिकांना लावून पाहू.

उमेरा अहमद यांच्या कथेवरील ‘जिंदगी गुलजार है’ ही पाकिस्तानी मालिका 2014 साली आपल्याकडे ‘जिंदगी’ वाहिनीवर दाखवली गेली. मुलगा नाही म्हणून कशफच्या वडिलांनी दुसरे लग्न केलेले. शिक्षिका असलेल्या आईने तीन मुली एकटीने वाढवलेल्या. श्रीमंत घरच्या जारूनचे स्थळ येते तेव्हा कशफ आधी नकार देते. त्या नकारामागे तिने घरात पाहिलेले सारे आयुष्य आहे. पुढे आई आणि प्राध्यापक तिला समजावतात, ती होकार देते. पण मनातली शंका लग्नानंतरही जात नाही. म्हणूनच तिचा विश्वास हळूहळू बसतो तेव्हा तो आपल्यालाही पटतो. याच मालिकेत जारूनच्या आई-बहिणीला मात्र ‘आधुनिक’ म्हणून सरळ दोषी ठरवले आहे. तिथे ती आम्हाला पटत नाही, कारण त्यांची बाजू कोणी ऐकतच नाही.

झी मराठीवरील ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (2012) मध्ये घना आणि राधा पुढे वेगळे व्हायचे ठरवूनच लग्न करतात. लग्न खोटे, पण निघून जायचा दरवाजा उघडा. तो उघडा असूनही पाय निघत नाही, यातच त्या कथेची गोडी आहे. याउलट ‘तुला पाहते रे’ (2018-19). वयातील मोठे अंतर ओलांडून ईशा विक्रांतवर प्रेम करते, हा प्रश्न अवघड होता आणि म्हणून चांगला होता. पुढे विक्रांत कपटी निघतो आणि ईशा मागच्या जन्मीची राजनंदिनी ठरते. मग निवड कोणी केली? ईशाने की पूर्वजन्माने? जिथे निवडच हिरावली, तिथे प्रेक्षकाने कशासाठी हळहळावे?

‘मालिकाच ती, एवढा विचार कशाला?’ असे सहकारी म्हणतात. पण साकीनाक्याच्या चाळीतल्या एका खोलीत वडील, भाऊ, आजी आणि नववीतली मुलगी एकाच पडद्याकडे पाहतात. प्रेम या विषयावर त्या घरात दुसरे कोणी बोलत नाही. नायक हात धरून अडवतो, मागे संगीत वाजते आणि मुलीची ‘नाही’ ही लाज समजली जाते. हे त्या मुलीने पाहिले, तसे तिच्या भावानेही पाहिले. उद्या गल्लीत कोणा मुलीची ‘नाही’ त्याच्या कानावर आली, तर तो तिचा काय अर्थ लावील?

मालिका पाहू नका, असे आम्ही वर्गात सांगत नाही. ते कोणी ऐकणारही नाही. एकच प्रश्न विचारायला सांगतो : ही ‘नाही’ म्हणाली असती, तर पुढे काय झाले असते? ‘काही बिघडले नसते’ असे उत्तर आले, तर तिच्या ‘हो’वर विश्वास ठेवावा. मुलीसाठी स्थळ येते तेव्हा पालकांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. कथेपेक्षा तिथे त्याची गरज जास्त आहे.