मायची मजुरी

‘जालना, सोने का पालना’ असं इथली जुनी माणसं अजूनही अभिमानानं म्हणतात. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना, आणि दोन्ही काठांना व्यापार. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथंच उभी केली. लोखंडी सळ्यांचे कारखाने इथं आहेत. इथल्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात पोराला पाढे पाठ होण्याआधी भाव कळतो.

जुन्या जालन्यातल्या एका प्राथमिक शाळेची ही गोष्ट. जानेवारीचा महिना होता आणि शाळेत बाल आनंद मेळावा भरला होता. गावोगावच्या शाळांत हल्ली असे मेळावे होतात. मुलांनी घरून पदार्थ आणायचे, गाळे मांडायचे, गिऱ्हाईक बोलवायचं, सुटे पैसे द्यायचे, संध्याकाळी गल्ला मोजायचा. व्हरांड्यात एका ओळीनं बाकं लागली होती. मुरमुऱ्यांचा सुशीला, भेळ, गुलाबजाम, कोवळा हुरडा. एका मुलीनं जुन्या बांगड्यांची रिंगफेक मांडली होती, जिंकणाऱ्याला तिनं स्वतः काढलेलं मोराचं चित्र मिळायचं.

चौथीतल्या दोघांचे गाळे शेजारी शेजारी होते. एक धपाटे आणि दह्याचा. तो वर्गात कायम पहिली येणाऱ्या मुलीचा. दुसरा मोसंबीच्या रसाचा, मागच्या बाकावरच्या एका मुलाचा. त्याची आई गांधी चमनजवळ मोसंबीचा गाडा लावते. शाळा सुटली की तो गाड्यावर असतो आणि शाळा भरली की वर्गात पेंगतो. भागाकार मांडायला सांगितला की त्याची पेन्सिल हमखास हरवते.

संध्याकाळी निकाल लागला. ‘सर्वाधिक नफा’ असं बक्षीस होतं. प्रत्येक गाळ्यानं आपापला नफा चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. धपाट्यांच्या चिठ्ठीवर सहाशे. साठ धपाटे, दहाला एक, शेवटचा तुकडासुद्धा उरला नव्हता. पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आणि कंपासपेटी दिली गेली. सगळ्यात शेवटचा नंबर मोसंबीच्या रसाचा. दिवसभर त्या बाकापुढं गर्दी हटली नव्हती, चाळीस ग्लास रस खपला होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : नफा पस्तीस रुपये. मुलं हसली. याचा भागाकार चुकतो तशी वजाबाकीही चुकली असणार, असं मोठ्यांनीही धरून टाकलं.

वर्गाच्या बाईंनी मात्र ती चिठ्ठी घरी नेली. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला तो हिशेब होता. रकाने नाहीत, ओळी तिरक्या. मोसंबी दहा किलो, तीनशे. ग्लास, वीस. साखर, मीठ, मसाला, पंधरा. रसाच्या मशीनचं भाडं, तीस. एकूण तीनशे पासष्ट. गल्ला चारशे. राहिले पस्तीस. एकही आकडा चुकलेला नव्हता. त्याखाली आणखी एक ओळ होती, ‘मायची मजुरी’, आणि तिच्यापुढची जागा कोरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

“हे रिकामं का ठेवलंस?”

“माय सकाळी दोन तास सोलायला अन् पिळायला होती, बाई. तिचं लिहायला पाहिजे ना? पण तिला कोणी देतच नाही, मग किती लिहायचं तेच कळंना.”

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. नफा-तोटा हा धडा बालभारतीच्या पुस्तकात सहावीला येतो. हा मुलगा चौथीत. आणि तो जिथं अडला होता, तिथं अजून मोठमोठे हिशेब अडलेले आहेत. भारत सरकारनं २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली, तेव्हा विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालते आणि पुरुष ९७, असं त्यात आलं. म्हणजे पाच तासांना एकच मिनिट कमी. या पाच तासांची किंमत देशाच्या उत्पन्नात धरत नाहीत. मोजणारे एवढे शिकलेले, तरी ती ओळ कोरी राहिली. या मुलानं निदान ओळ तरी लिहिली होती.

बाईंनी वर्गाला एकच काम दिलं. मेळाव्यासाठी घरातून काय काय आणलं, ते विकत घ्यायला गेलो असतो तर किती पडलं असतं, आणि ते करायला कोण किती वाजता उठलं, हे घरी विचारून लिहून आणायचं.

धपाटेवालीनं त्या रात्री ओट्याजवळ वही उघडली. आई आधी हसली. “घरचंच तर होतं गं सगळं, त्याचे कसले पैसे?” पण मुलगी हटेना. मग आईनं भाजी चिरता चिरता सांगायला सुरुवात केली. ज्वारीचं पीठ नव्वद. बेसन पन्नास. तेल अर्धा लिटर, पंचाहत्तर धर. दही दीड किलो, एकशेवीस. कोथिंबीर, तिखट, तीळ मिळून वीस. कागदी प्लेटा साठच्या. वडील बाजूला मोबाइल बघत होते, ते म्हणाले, “गॅसचे पन्नास लिही की.” बेरीज आली चारशे पासष्ट.

“तू किती वाजता उठली होतीस?”

“चारला.”

“आणि किती वाजेपर्यंत लाटत होतीस?”

“आठ वाजले असतील. तुझा डबाही त्यातच केला.”

“मग त्याचे किती लिहू?”

विळीवरचा आईचा हात थांबला. माहेरी असताना ती शेतात जायची, लग्नानंतरही काही वर्षं जात होती. तिनं विचार करून सांगितलं, “खुरपायला गेलं तर आता दिवसाचे तीनशे देतात. हा अर्धा दिवस झाला.” मुलीनं दीडशे लिहिले. वडिलांनी मोबाइल खाली ठेवला आणि वही मागून घेतली. काही बोलले नाहीत, बेरीज मात्र पुन्हा करून पाहिली. सहाशे पंधरा.

आता खरी पंचाईत पुढंच होती. वजाबाकीत कधी न अडलेली ही मुलगी दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, सहाशेतून सहाशे पंधरा जात नाहीत.” चौथीचं गणित तिथंच थांबतं. लहानातून मोठी संख्या जात नाही, असं तिनं वहीत नीट लिहिलंही होतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “जातात की. पंधरा रुपये तुझ्या आईचे गेले.”

वर्गात कोणी हसलं नाही.

असा तोंडी हिशेब करणारी मुलं दुसरीकडंही आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विकताना तोंडी केलेले हिशेब ती मुलं जवळजवळ शंभर टक्के बरोबर करायची. तीच गणितं कागदावर आकड्यांत दिली की निम्मीसुद्धा बरोबर येत नव्हती. अलीकडे, २०२५ साली, दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांतल्या मुलांबद्दलही संशोधकांना तसंच आढळलं. त्यांनी शाळेतल्या मुलांनाही बाजारातली गणितं घातली, तेव्हा ती मुलं तिथं अडखळली. म्हणजे दोन्हीकडं अर्धं अर्धं शहाणपण आहे आणि ते एका वर्गात शेजारी शेजारी बसून एकमेकांशी बोलत नाही. शिक्षकाचं काम काय, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्या दोघांना एका बाकावर बसवणं.

बाईंनी नेमकं तेच केलं. त्यांनी दोघांना मिळून एक गणित दिलं. आईची मजुरी सुटायला हवी असेल, तर भाव किती ठेवायला हवा होता?

मोसंबीवाल्याच्या आईची दोन तासांची मजुरी त्याच दरानं पंचाहत्तर धरली. तीनशे पासष्ट आणि पंचाहत्तर, चारशे चाळीस. ग्लास चाळीस. मुलीनं भागाकाराचं घर आखायला घेतलं, तोवर त्यानं उत्तर देऊन टाकलं. “अकरा. दहाप्रमाणं चारशे झाले ना? वर राहिले चाळीस. ग्लासही चाळीस. एकाला एक.” मुलीनं तरी भागाकार पूर्ण केला. अकराच आले. मग तिनं तोच हिशेब त्याला मांडून दाखवला, कोणता आकडा कुठं लिहायचा आणि का, ते सांगत. त्यानं या वेळी पेन्सिल हरवली नाही.

धपाट्यांचं उत्तर सव्वादहा रुपये निघालं. सहाशे पंधरा भागिले साठ. “सव्वादहा कोण देणार? अकरा घ्यायचे,” मुलगा म्हणाला. पहाटे चारला उठलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी एका धपाट्यावर एक रुपया वाढवला असता तर सुटली असती. तो एक रुपया कोणाच्या ध्यानात आला नव्हता. खाणाऱ्यांच्या नाही, विकणारीच्या नाही आणि करणारीच्या तर नाहीच नाही.

बाकीच्या गाळ्यांचेही हिशेब आले. गुलाबजाम तोट्यात गेले होते. भेळ जेमतेम सुटली होती. रिंगफेकवालीचे नव्वद रुपये तेवढे निव्वळ नफ्याचे, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं उठून सांगितलं की मोराची चित्रं काढायला तिला आठवडा लागला. मग तिच्या मजुरीवर वर्गात बराच वेळ वाद झाला. चित्र काढायला मजा येते, मग त्याचे पैसे धरायचे का, असा एकाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही आणि बाईंनीही ते घाईनं दिलं नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न मुलीनं आपणहून काढला. ती ते घेऊन आली होती. परत द्यायला नव्हे. तिला त्यातला एक शब्द बदलून हवा होता. मुख्याध्यापकांनी ‘सर्वाधिक नफा’ यातला ‘नफा’ खोडला, वर ‘विक्री’ लिहिलं आणि शेजारी सही केली. शाळेच्या वार्षिक अहवालात मेळाव्यासाठी ‘एकूण नफा’ असा एकच रकाना असायचा. तिथं त्यांनी पट्टीनं रेघ मारून तीन रकाने केले : विक्री, खर्च, घरच्यांची मजुरी. तिसऱ्या रकान्याची बेरीज शाळेतल्या कोणत्याही स्पर्धेच्या बक्षिसाहून मोठी निघाली.

पुढच्या महिन्यात पालक मेळाव्याच्या शनिवारी ते दोन गाळे पुन्हा लागले. या वेळी दोघांनी भागी केली होती. हिशेबाची वही एकच होती. रकाने तिच्या अक्षरात, आकडे त्यानं सांगितलेले. भाव नव्यानं विचारून पाटी लिहिली होती : धपाटा अकरा रुपये, रस अकरा रुपये. एक एक रुपयाची नाणी मुलानं आदल्या दिवशीच गाड्याच्या गल्ल्यातून बदलून आणली होती.

तपासणीला आलेले एक साहेब बाकापुढं थांबले. पाटी वाचून म्हणाले, “अकरा? मागच्या वेळी तर दहा होते. सुट्ट्याची कटकट कशाला? दहाच घे.”

“मग आईला तोटा होतो, साहेब,” मुलगी म्हणाली आणि तिनं वही त्यांच्यापुढं धरली.

साहेबांनी चष्मा लावून पान वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “ही मजुरी रोज देतात का घरी?”

मुलीनं मागं वळून आईकडं पाहिलं. आई भिंतीशी पालकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या शेजारी वडील होते, आणि प्रश्न दोघांनीही ऐकला होता.

“ते अजून ठरायचंय,” मुलगी म्हणाली.

साहेबांनी दोन धपाटे घेतले आणि बावीस रुपये मोजून दिले.