'मी येते' म्हणणारा मुलगा

'मी येतो' म्हणायचं की 'मी येते', हे मराठी बोलणाऱ्या मुलाला दोन-अडीच वर्षांचा असतानाच ठरवावं लागतं. दिवसभर आई-आजीच्या पदराशी असलेला मुलगा साहजिकच 'मी येते' म्हणतो, कारण कानावर तेच पडलेलं असतं. थोरल्या भावामागे हिंडणारी मुलगी बेधडक 'मी जातो' म्हणते. घरात याचं कौतुक होतं. चार लोकांत मात्र कुणीतरी हसून विचारतं, 'अरे, तू काय मुलगी आहेस का?' आणि पोर गप्प होतं.

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका पाळणाघरात मी याच्या उलट पाहिलं. मुलं अंगणात जायला निघाली होती, दारात चपलांचा गोंधळ चालला होता. एक मुलगा आतून ओरडला, 'मी पण येते!' तिथल्या मावशी म्हणाल्या, 'येतोस? ये की. पण दुसरी चप्पल कुठंय तुझी?' झालं. चूक दाखवली नाही, तरी योग्य रूप त्याच्या कानावर गेलं. तो चप्पल शोधायला पळाला. त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते अंगणात जाणं, आणि मावशींनी उत्तर दिलं ते त्यालाच.

आरशात दिसतंय ते आपणच, हे मुलाला साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान उमगतं. पाठोपाठ 'माझं', 'नको', 'मीच करणार' सुरू होतं. नेमक्या याच वयात कितीतरी मुलं पाळणाघरात येतात. आपण कोण, हे त्यांना मोठ्यांच्या उत्तरांतून कळत जातं. म्हणून उपक्रमांच्या वेळापत्रकापेक्षा मला तिथल्या मावशींची उत्तरं मोलाची वाटतात.

छत्रपती संभाजीनगरात तर अशी उत्तरं देण्याची जबाबदारी दुप्पट आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांमुळे बीड-जालना-परभणीची आणि उत्तरेकडचीही कुटुंबं इथं येऊन राहिली. जुन्या शहरात दखनी बोलली जाते, बंजारा तांड्यावरून आलेल्या घरात गोरमाटी. एकाच सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी एक 'नक्को' म्हणतं, एक 'काहून' विचारतं, एक आईसाठी 'याडी, याडी' करून रडतं. त्या रडणाऱ्या मुलाला 'याडी नाही, मम्मी म्हण' असं शिकवणं मला क्रूर वाटतं. आईपासून दूर असताना त्याच्यापाशी तिचं म्हणून तेवढंच असतं. 'याडी संध्याकाळी येणार हं' असं म्हणायला मावशींना गोरमाटी यायला लागत नाही.

मुलाच्या बोलीला असा मान देणं महाराष्ट्राला नवीन नाही. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक 1923 मध्ये तिथं गेल्या आणि तिथलं काम शिकल्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली. पण मुलाच्या अंगणात जायचं म्हणजे त्याच्या बोलीत, त्याच्या वस्तूंत, त्याच्या खेळात जायचं, हा त्यातला गाभा पोषण आहार आणि नोंदी यांच्या ओझ्याखाली दबला.

शहरी पाळणाघरांत अडचण वेगळी. तिथं पालकांना 'आउटपुट' हवं असतं. मग झेरॉक्स काढलेलं सफरचंद सगळ्यांनी लालच रंगवायचं, रेषेबाहेर जायचं नाही, आणि संध्याकाळी त्याचा फोटो ग्रुपवर. त्या सफरचंदात मूल कुठंच नसतं. त्यापेक्षा रिकामी खोकी, जुन्या ओढण्या, लाटणं, डबे आणि मुलाच्या उंचीवर लावलेला आरसा द्यावा. कुणी ड्रायव्हर होईल, कुणी आजी. मुलगा भातुकलीत पोळ्या लाटेल, बांगड्या घालेल. घ्यायला आलेल्या वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या तर मावशींनी बांगड्या घाईघाईनं काढू नयेत. 'आज तो आई झालाय, बाहुलीला दोनदा जेवू घातलं' एवढं सांगावं. बाप व्हायलाही तेच शिकावं लागतं.

अर्थात हे सगळं एकट्या बाईनं पंधरा-वीस मुलं सांभाळत करावं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. कुणाचं नाक पुसायचं, कुणाला शू लागलीय, दोघांची मारामारी चाललीय, त्यात 'येतोस? ये की' सुचायला सवड लागते. 2017 च्या दुरुस्तीनं प्रसूती लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. चांगलंच झालं. पण खोली असणं वेगळं आणि त्या खोलीत ऐकायला पुरेशी माणसं असणं वेगळं. मावशींना नीट पगार, मदतीला आणखी एक जण आणि थोडं प्रशिक्षण, यासाठी पालकांनी आणि कंपन्यांनी पैसे मोजायला हवेत. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर रक्तगट व लसीकरण यांच्याखाली दोन ओळी वाढवायला तर काहीच खर्च नाही: घरी कोणती बोली बोलता, आणि मुलाला लाडानं काय म्हणता?