एका फटक्याचं अंतर

गोल्फमध्ये चेंडू जागेवर स्थिर असतो. समोर गोलंदाज नाही, फटका अडवणारं कुणी नाही. खेळाडू, मैदान आणि मोजलेले फटके एवढाच मामला. गावसकर थोर की तेंडुलकर या वादाला जे फाटे फुटतात, ते इथे फुटू नयेत असं कुणालाही वाटेल. ऑगस्टाच्या मैदानावर १९६५ साली जॅक निक्लॉसने मास्टर्स स्पर्धा २७१ फटक्यांत जिंकली. तिथेच १९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वूड्सला २७० लागले. आकड्यावर भिस्त ठेवायची, तर २०२० मध्ये त्याच मैदानावर २६८ फटक्यांत जिंकलेला डस्टिन जॉन्सन या दोघांहून श्रेष्ठ ठरतो. गोल्फ जाणणारं कुणी हे मान्य करणार नाही.

मैदानाचं नाव तेच राहिलं, खेळ मात्र बदलला. निक्लॉसच्या ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचं, डोकं पर्सिमनच्या लाकडाचं, वूड्सच्या ड्रायव्हरचं धातूचं. १९८१ मध्ये ऑगस्टाच्या ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं, गवतसुद्धा बदललं गेलं. आणखी मागे जा. १९३० साली बॉबी जोन्सने अमेरिका आणि ब्रिटनच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांचा निरोप घेतला. त्याच्या क्लबचे दांडे हिकरी लाकडाचे होते. काठी फिरवताना असा दांडा पिळवटतो. तो सुटून पुन्हा सरळ होण्याच्या क्षणीच चेंडूला भिडावा, यासाठी सगळ्या अंगाची लय सांभाळावी लागते. शिवाय, समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या वाटेत आडवा आला, तर तो उचलायची मुभा तेव्हा नव्हती. त्याला वळसा घाला, नाहीतर त्याच्यावरून उडवा. कौशल्य हे नेहमी एखाद्या अडचणीला दिलेलं उत्तर असतं. जोन्सने ज्या अडचणी सोडवल्या त्या आज उरलेल्याच नाहीत. मग त्याची उत्तरं तपासायची कशावर?

जाणकार म्हणतात, खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता ते बघा. कसोटी रास्त आहे. १८६२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये थोरला टॉम मॉरिस तेरा फटक्यांनी जिंकला. मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मानाच्या चार स्पर्धांमधला, हा विक्रम १३८ वर्षं टिकला, आणि २००० मध्ये पेबल बीचला वूड्सने यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकून तो मोडला. मॉरिसच्या वेळी मैदानात उतरलेले खेळाडू बोटांवर मोजता आले असते. वूड्ससमोर देशोदेशींचे दीडशेहून अधिक. माझ्या मते गोल्फने पाहिलेलं सर्वांत उंच शिखर म्हणजे वूड्सचा तो विजय. निक्लॉसची १८ मेजर विजेतेपदं म्हणजे दीर्घकाळ टिकलेली थोरवी आहे, पण ती निराळी गोष्ट.

तरीही हा ताळा अपुरा आहे, कारण समकालीन कोणाला म्हणायचं हे आधीच ठरवून टाकलेलं होतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांना सभासदत्व देणारं कलम होतं. मास्टर्समध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे ली एल्डर, आणि तो उतरला १९७५ मध्ये. निक्लॉसच्या त्या २७१ फटक्यांच्या वेळी ऑगस्टावर काळी माणसं होती ती कॅडी म्हणून, बॅगा वाहायला.

दक्षिण आफ्रिकेतही हीच तऱ्हा होती. दरबानचा पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी स्वतःच खेळ शिकला. क्लब धरताना त्याचे हात उलटे असत, डावा खाली आणि उजवा वर. याच पकडीने त्याने तीन वेळा डच ओपन जिंकली. १९६३ ची नताल ओपन जिंकल्यावर त्याला बक्षीस दिलं गेलं ते भर पावसात, उघड्यावर, कारण क्लबहाउस गोऱ्यांचं होतं. १९६५ मध्ये त्याच स्पर्धेत त्याने दक्षिण आफ्रिकेचाच गोरा गोल्फपटू गॅरी प्लेअर याला हरवलं. त्याच वर्षी प्लेअर यूएस ओपन जिंकला आणि चारही मेजर मिळवणाऱ्यांत जाऊन बसला. सेवगोलमला मात्र पुढे वर्णद्वेषी सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांतून बाहेर काढलं. प्लेअरच्या नऊ मेजर विजेतेपदांचं मोल ठरवताना नतालचा हा निकालही शेजारी मांडायला हवा.